दोन रोल, शंभर डाइम: चांदीचा भाव आणि संग्राहकाचा भाव

अमेरिकेच्या टांकसाळींनी १९६४ या सालापर्यंतची दहा सेंटची जी नाणी चलनासाठी पाडली, त्यांत ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबे आहे. ही डाइम आज रोजच्या व्यवहारात क्वचितच हाती येतात; परंतु मौल्यवान धातू विकणारे व्यापारी आणि नाण्यांची दुकाने ती पन्नास-पन्नासच्या रोलमध्ये विकतात, आणि अशा मालाला तिथे ‘जंक सिल्व्हर’ म्हणतात. या नावात नाण्यांचा अपमान नाही. संग्राहकाला त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी एकाच व्यापाऱ्याकडून एकाच दिवशी असे दोन रोल मागवले. पहिला रोल १९१६ ते १९४५ या काळातील ‘मर्क्युरी’ डाइमचा होता आणि दुसरा १९४६ ते १९६४ या काळातील रूझवेल्ट डाइमचा. दोन्ही नाण्यांची धातुरचना तीच, ठरवलेले वजन तेच आणि दर्शनी मूल्यही तेच, म्हणजे रोलमागे पाच डॉलर. तरीही पहिल्यासाठी मला १२० डॉलर द्यावे लागले आणि दुसऱ्यासाठी ११४. हे सहा डॉलर नेमके कशासाठी दिले, हे तपासून पाहणे हाच या परीक्षणाचा हेतू आहे.

आधी धातूचा हिशेब पाहू, कारण तो पक्का आहे. टांकसाळीतून निघालेल्या नव्या डाइमचे वजन २.५० ग्रॅम, त्यातील चांदी २.२५ ग्रॅम, म्हणजेच ०.०७२३ ट्रॉय औंस. चांदीचा भाव ट्रॉय औंसावर ठरतो आणि एक ट्रॉय औंस ३१.१०३५ ग्रॅमचा असतो. त्यामुळे साधारण चौदा डाइममध्ये एक औंस चांदी मिळते, असे ढोबळमानाने धरायला हरकत नाही. चांदीचा त्या दिवशीचा भाव ०.०७२३ ने गुणला की एका डाइममधील धातूची किंमत निघते: भाव ३० डॉलर असेल तर सुमारे २ डॉलर १७ सेंट, २० डॉलर असेल तर १ डॉलर ४५ सेंट. हाच हिशेब उलटा केला तर इतिहासातली एक गोष्ट उलगडते. चांदी औंसाला १ डॉलर ३८ सेंटांवर पोहोचली की डाइममधील चांदीच दहा सेंटांची होते. त्यापुढे ते नाणे खर्च करण्यापेक्षा घरात ठेवणे शहाणपणाचे ठरते. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात चांदीचा भाव या पातळीच्या अगदी जवळ आला होता, लोक सुटी नाणी साठवू लागले होते आणि देशात नाण्यांची टंचाई झाली होती. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी २३ जुलै १९६५ रोजी नव्या नाणेकायद्यावर सही केली आणि चलनी डाइममधून चांदी कायमची गेली.

परंतु चलनात दहा-वीस वर्षे फिरलेले नाणे नव्याच्या वजनाचे राहत नाही. म्हणूनच व्यापारात एक डॉलर दर्शनी मूल्याच्या नाण्यांत ०.७२३ ऐवजी ०.७१५ औंस चांदी धरण्याचा प्रघात आहे, आणि हजार डॉलरची पिशवी ७१५ औंसांची मानली जाते. या प्रघातानुसार पाच डॉलरच्या रोलमध्ये ३.५७५ औंस चांदी असायला हवी. माझे दोन्ही रोल मी ग्रॅमचा दहावा भाग दाखवणाऱ्या वजनकाट्यावर ठेवले. नव्या पन्नास डाइमचे वजन १२५ ग्रॅम भरले असते. रूझवेल्टचा रोल १२३.९ ग्रॅम भरला, म्हणजे त्यात ३.५८५ औंस चांदी निघाली. प्रघातापेक्षा किंचित जास्तच. मर्क्युरीचा रोल मात्र १२१.३ ग्रॅम भरला आणि त्यातील चांदी ३.५१ औंसांवरच थांबली. मी खरेदी केली त्या दिवशी भाव ३० डॉलरच्या आसपास होता. तो धरला तर मर्क्युरीच्या रोलमध्ये १०५ डॉलर ३० सेंटांची चांदी होती आणि रूझवेल्टच्या रोलमध्ये १०७ डॉलर ५५ सेंटांची. महाग रोलमध्ये चांदी कमी होती. धातूवरची अधिकची रक्कम काढली तर पहिल्या रोलवर मी सुमारे १४ टक्के जास्त मोजले आणि दुसऱ्यावर ६ टक्के. ज्याला फक्त चांदी हवी आहे त्याचा निर्णय इथेच होतो: त्याने रूझवेल्ट डाइम घ्यावीत आणि रोल वजन करूनच स्वीकारावा.

मला मात्र फक्त चांदी नको होती, आणि मर्क्युरी डाइमचे आकर्षण मी नाकारणार नाही. अडॉल्फ वाइनमन या शिल्पकाराने घडवलेले हे नाणे मला अमेरिकेच्या साऱ्या चलनी नाण्यांत सर्वांत देखणे वाटते. दर्शनी बाजूवर स्वातंत्र्यदेवतेचे मुख आहे आणि तिच्या टोपीला पंख आहेत. हे पंख विचारस्वातंत्र्याचे प्रतीक होते. लोकांनी मात्र तिला रोमन देव मर्क्युरी समजले आणि नाण्याला ते चुकीचे नाव कायमचे चिकटले. मागच्या बाजूवर काठ्यांच्या मोळीत बांधलेली कुऱ्हाड आणि तिला वेढणारी ऑलिव्हची फांदी आहे. अवघ्या १७.९ मिलिमीटर व्यासात एवढे सगळे मावते आणि गर्दी झाल्यासारखे वाटत नाही.

माझ्या रोलमध्ये काय निघाले? छत्तीस नाणी १९४० ते १९४५ या सहा वर्षांची, दहा १९३४ ते १९३९ या काळातील आणि त्याआधीची फक्त चार. हे प्रमाण स्वाभाविक आहे. एकट्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १९४२ मध्ये वीस कोटींहून अधिक आणि १९४४ मध्ये तेवीस कोटींहून अधिक डाइम पाडली; त्यामुळे ‘१९१६ ते १९४५, मिश्र साले’ असे विक्रेता लिहितो तेव्हा ग्राहकाने ते १९४० नंतरचीच नाणी असे वाचावे. विक्रेत्याचे वर्णन खोटे नसते, पण त्यातील पहिले साल आशेला खतपाणी घालते, आणि जास्तीच्या सहा डॉलरमध्ये त्या आशेचाच मोठा वाटा असतो.

त्या चार जुन्या नाण्यांतले एक १९१६ चे निघाले तेव्हा क्षणभर माझाही श्वास अडखळला. ही नाणी ३० ऑक्टोबर १९१६ रोजी चलनात आली. त्या वर्षी ती तीन टांकसाळींत पाडली गेली: फिलाडेल्फियात २ कोटी २१ लाखांहून अधिक, सॅन फ्रान्सिस्कोत १ कोटीहून अधिक आणि डेन्व्हरमध्ये फक्त २,६४,०००. डेन्व्हरच्या टांकसाळीला पाव डॉलरच्या नाण्यांकडे वळावे लागले आणि डाइमचे काम तिथेच थांबले. म्हणून मागच्या बाजूवर मोळीच्या डावीकडे, तळाशी, डेन्व्हरचे ‘डी’ हे अक्षर असलेले १९१६ चे डाइम या मालिकेतले सर्वांत मागणी असलेले नाणे ठरले. अतिशय झिजलेल्या अवस्थेतही त्याला शेकडो डॉलर मिळतात आणि चांगल्या अवस्थेतील नाणे हजारोंत जाते. माझ्या नाण्यावर अक्षर नव्हते. फिलाडेल्फिया तेव्हा आपले चिन्ह उमटवत नसे, त्यामुळे कोरी जागा म्हणजे त्या दोन कोटींतले एक. संग्राहक त्याला चांदीपेक्षा थोडे अधिक देतो, इतकेच.

या नाण्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण नवख्याची सर्वांत मोठी फसवणूक इथेच होते. एका बारीक अक्षराने किंमत शेकडो पट वाढत असेल तर ते अक्षर चिकटवणारे हातही तयार होतात. फिलाडेल्फियाच्या १९१६ च्या नाण्यावर दुसऱ्या नाण्याचा ‘डी’ कापून जोडणे, किंवा डेन्व्हरच्या दुसऱ्या सालाच्या नाण्यावरचा आकडा कोरून बदलणे, हे दोन्ही प्रकार फार जुने आहेत. पूर्ण नकली नाणीही विकली जातात. खरी नाणी पाडण्यासाठी मागच्या बाजूचे केवळ चार ठसे वापरले गेल्याचे ज्ञात आहे, त्यामुळे ‘डी’ चे स्थान आणि कल ठरलेल्या चार प्रकारांपैकीच एक असायला हवा. शिवाय ते अक्षर जाडसर असून त्याच्या आतली पोकळी लहान आणि त्रिकोणी दिसते. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली अक्षराच्या बुडाशी सांधा दिसला, रंग बदललेला दिसला किंवा भोवतालचा पृष्ठभाग खरवडलेला दिसला, तर नाणे बाजूला ठेवावे. तरीही केवळ आपल्या डोळ्यांवर विसंबून एवढी रक्कम देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. १९८६ मध्ये सुरू झालेली पीसीजीएस किंवा १९८७ मधली एनजीसी अशा संस्थेने तपासून सीलबंद केलेलेच नाणे घ्यावे.

रोल चाळताना आणखी काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात. १९४२ च्या प्रत्येक नाण्यावरील शेवटचा आकडा भिंगाखाली घ्यावा, कारण फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर या दोन्ही टांकसाळींत काही ठशांवर १९४१ आणि १९४२ ही दोन्ही साले एकावर एक उमटली आणि २ च्या मागे १ ची उभी रेघ राहिलेली नाणी बाहेर पडली. माझ्या रोलमधील १९४२ च्या सात नाण्यांवर तसे काही नव्हते. १९२१ ची फिलाडेल्फिया आणि डेन्व्हरची नाणी, सॅन फ्रान्सिस्कोचे १९२६ चे आणि डेन्व्हरचे १९३१ चे नाणे, ही सारी दहा ते पंधरा लाखांच्या आसपासच पाडली गेली, त्यामुळे ती दिसली की वेगळी काढावीत. १९२२, १९३२ आणि १९३३ या सालांची डाइम पाडलीच गेली नाहीत. त्यांचा शोध घेण्यात वेळ घालवू नये. सामान्य सालाच्या पण न वापरलेल्या नाण्याच्या बाबतीत संग्राहक आणखी एक बारकावा पाहतात: मोळी बांधणारे मधले दोन आडवे पट्टे एकमेकांपासून स्पष्ट वेगळे दिसतात का. ते पूर्ण सुटे असतील तर किंमत वाढते, आणि फिलाडेल्फियाच्या १९४५ च्या नाण्यावर तर ही वाढ विलक्षण असते, कारण त्या सालाची कोट्यवधी नाणी पाडली जाऊनही बहुतेकांवर तो भाग अर्धवट उमटला आहे. झिजलेल्या रोलमध्ये मात्र या बारकाव्याला काही अर्थ नाही. तिथे पट्टे केव्हाच सपाट झालेले असतात.

आता तक्रारीची बाब. रोलमधील एका नाण्याला कडेजवळ भोक पाडलेले होते. कधीकाळी ते कोणाच्या तरी साखळीत अडकवलेले असावे. दुसरे एक, १९४३ चे, घासूनपुसून चकचकीत केलेले होते आणि प्रकाशात तिरके धरले की त्यावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसत. भोक पडलेल्या नाण्यात चांदी कमी आणि संग्राहकमूल्य शून्य. ते रोलमध्ये यायलाच नको होते. मी छायाचित्रांसह कळवल्यावर विक्रेत्याने दुसरे नाणे पाठवले, परतीचा टपालखर्च मागितला नाही, आणि याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. घासलेल्या नाण्याबद्दल मात्र त्याने काही केले नाही. त्याच्या वर्णनात ‘घासलेली नाणी नाहीत’ असे लिहिलेले नव्हते, त्यामुळे नियमाने तो बरोबर होता. तरीही मला ते पटले नाही, कारण मर्क्युरीसाठी जास्तीचे पैसे घेणाऱ्याने संग्राहकाची एवढी अपेक्षा तरी राखायला हवी. जुन्या चांदीच्या नाण्यावर वर्षानुवर्षे चढलेला करडा थर म्हणजे मळ नव्हे. तो घासून काढणाऱ्याला नाणे उजळल्याचे समाधान मिळते, पण त्या क्षणी नाण्याची किंमत धातूपर्यंत खाली येते आणि ती पुन्हा वर चढत नाही.

रूझवेल्टच्या रोलबद्दल कमी लिहिण्यासारखे आहे, आणि धातू घेणाऱ्याच्या दृष्टीने हाच त्याचा गुण आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १२ एप्रिल १९४५ रोजी निधन झाले. पोलिओविरुद्धच्या ‘मार्च ऑफ डाइम्स’ या मोहिमेशी त्यांचे नाते होते, म्हणून त्यांच्या स्मृतीसाठी डाइमच निवडले गेले, आणि त्यांच्या जन्मदिनी, ३० जानेवारी १९४६ रोजी, जॉन सिनॉक यांनी घडवलेले हे नाणे चलनात आले. माझ्या पन्नास नाण्यांपैकी जवळजवळ निम्मी १९६४ ची होती. नाण्यांवर हे साल टांकसाळींनी १९६५ मध्येही चालू ठेवले आणि त्या एका सालाची दोनशे कोटींहून अधिक डाइम निघाली. या रोलमध्ये चांदी नसलेले नाणे घुसले आहे का, हे पाहणे सोपे आहे. सगळी नाणी एकावर एक रचून कडा पाहाव्यात. १९६५ पासूनच्या सालांच्या नाण्याचा गाभा शुद्ध तांब्याचा असल्यामुळे त्याच्या कडेवर तांबूस पट्टा उठून दिसतो, तर चांदीच्या नाण्याची कड एकसारखी पांढरी असते. वजनातही फरक पडतो: नवे नाणे २.२७ ग्रॅमचे असते. लोहचुंबकाचा इथे उपयोग नाही, कारण दोन्हींपैकी एकही त्याला चिकटत नाही. माझ्या रोलमध्ये पन्नासही नाणी चांदीची निघाली.

त्यात १९५५ ची दोन नाणी होती, आणि त्यांच्यामुळे संग्राहकमूल्याविषयीचा एक गैरसमज दूर होतो. १९५५ मध्ये तिन्ही टांकसाळींनी तुलनेने थोडी डाइम पाडली. फिलाडेल्फियाचा आकडा सव्वा कोटीच्या आसपास आहे. परंतु संख्या कमी असल्याचे लोकांना तेव्हाच कळले आणि त्यांनी कोरे रोलच्या रोल बाजूला ठेवले. त्यामुळे ती आजही सहज मिळतात आणि भाव चांदीच्या फार वर जात नाही. किती नाणी पाडली गेली यापेक्षा किती टिकली, कोणत्या अवस्थेत टिकली आणि ती हवी असणारे लोक किती आहेत, यावरून भाव ठरतो.

दोन्ही रोल घेऊन मी नंतर नाण्यांच्या एका दुकानात गेलो. विकायचे नव्हते, परत विकताना काय मिळेल, एवढेच जाणून घ्यायचे होते. चांदी तेव्हाही तिशीतच होती. दुकानदाराने दोन्ही रोलना एकच दर सांगितला: दर्शनी मूल्याच्या वीस पट, म्हणजे रोलमागे शंभर डॉलर. त्या भावाला प्रघाती चांदीची किंमत दर्शनी मूल्याच्या साधारण साडेएकवीस पट होते, त्यामुळे दर मला रास्त वाटला. त्याने साले पाहिली, १९१६ चे नाणे उलटून पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. खरेदीच्या वेळी मर्क्युरीसाठी मोजलेले जास्तीचे सहा डॉलर विक्रीच्या वेळी पूर्ण नाहीसे झाले होते. सामान्य सालांच्या झिजलेल्या नाण्यांवरचे संग्राहकमूल्य विक्रेता ग्राहकाकडून वसूल करतो, पण ग्राहक स्वतः विकायला गेला की ते बहुधा परत मिळत नाही. शिवाय अमेरिकेच्या आयकर नियमांत अशी नाणी संग्राह्य वस्तू मानली जातात आणि वर्षाहून अधिक काळ ठेवून झालेल्या नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, हेही हिशेबात धरावे.

याच व्यापाऱ्याकडे १८९२ ते १९१६ या काळातील बार्बर डाइमचे, म्हणजे मर्क्युरीच्या आधीच्या नक्षीच्या डाइमचे, रोलही होते. मी ते घेतले नाहीत आणि चांदीसाठी कोणाला सुचवणारही नाही. त्यांतील बहुतेक नाणी इतकी झिजलेली असतात, की नगावर घेतली तर चांदी हमखास कमी मिळते. ज्यांवरील स्वातंत्र्यदेवतेच्या कपाळपट्टीवरील ‘लिबर्टी’ ची सर्व अक्षरे वाचता येतात अशी नाणी एकेक निवडून घेणे वेगळे. त्यांना संग्राहक खरोखर चांगला भाव देतात. या मालिकेतले सॅन फ्रान्सिस्कोचे १८९४ चे डाइम केवळ चोवीस पाडले गेले आणि लिलावात त्याला दहा लाख डॉलरहून अधिक किंमत आली आहे. ते रोलमध्ये सापडेल या आशेवर मात्र कोणी पैसे खर्च करू नयेत.

मग मर्क्युरीचा रोल घ्यावा का? मालिका जमवायला नुकतीच सुरुवात करणाऱ्याने एक रोल जरूर घ्यावा, दुसरा घेऊ नये. पूर्ण संचात सत्त्याहत्तर नाणी असतात. माझ्या पन्नासपैकी पंचवीस वेगवेगळी निघाली आणि ती मी व्हिटमनच्या निळ्या पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये बसवली; उरलेली पंचवीस दुबार होती, ती पुन्हा नळीत ठेवली असून आता त्यांना मी फक्त धातू मानतो. दुसरा रोल घेतला असता तर दुबार नाण्यांचीच भर पडली असती. उरलेली बावन्न मी एकेक निवडून घेईन, कारण नेमके हवे असलेले साल दुकानात अवस्था पाहून, थोडे जास्त देऊन घेतले तरी ते अंती स्वस्त पडते. सुटी नाणी ठेवायला मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकची पाकिटे वापरू नयेत. त्यांतून सुटणाऱ्या रसायनांनी चांदीवर हिरवट चिकट थर येतो.

फोल्डरमधले १९१६-डी चे वर्तुळ रिकामेच आहे. ते नाणे मी प्रमाणितच घेणार, आणि प्रमाणित नाणे बंद प्लॅस्टिकच्या पेटीत येते. ती पेटी त्या वर्तुळात बसत नाही.